मानेच्या स्पॉन्डिलोसिसमुळे (मणक्यांची झीज) खांदा सतत आखडतो. घरी स्वतःच मसाज केला तर चालेल का?

चालेल, पण मणक्याच्या हाडावर दाब नको. मान दुखावली की तिला जपायला आजूबाजूचे स्नायू आवळून बसतात. मोकळं करायचं ते त्यांना. आधी १५ मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीने शेका. मग कणा आणि फऱ्याचं हाड यांच्या मधल्या मांसल भागात टेनिसचा चेंडू धरून भिंतीला टेका आणि हळूहळू भार टाका. गाठ लागली की तिथेच अर्धा मिनिट थांबा, श्वास मात्र रोखू नका. कळ हातात उतरली तर लगेच थांबायचं. आणि मान कडाकड मोडून घेणं कृपा करून बंद करा, न्हाव्याकडूनसुद्धा. हाताची पकड सैल पडली, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर मसाज सोडा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.