रिपोर्ट नॉर्मल, मग मला होतंय ते काय?

"ताई, वय ४७. पाळी दोन-दोन महिने येत नाही, आली की आठ-आठ दिवस थांबत नाही. अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं उशी भिजते, मुलांवर उगाच खेकसते. रक्तातलं एफएसएच, म्हणजे पाळीशी संबंधित एक हार्मोन, तपासलं, रिपोर्ट नॉर्मल. नवरा म्हणतो मनाचे खेळ आहेत, जाऊबाई म्हणतात पिशवी काढून टाक. काय करू?"

प्रिय मैत्रिणी,

तुला होतंय ते खरं आहे. रिपोर्टही खोटा नाही, पण तो रक्त दिलंस त्या एका सकाळचा आहे. पाळी जाण्याआधीच्या काही वर्षांत एफएसएच आणि इस्ट्रोजेन ही हार्मोन्स सतत वरखाली होतात. या महिन्यात वाढलेलं एफएसएच पुढच्या महिन्यात नॉर्मल येऊ शकतं. म्हणूनच पंचेचाळिशीनंतर डॉक्टर बहुधा त्रास आणि पाळीच्या तारखा विचारूनच निदान करतात. एवढं नवऱ्याला वाचायला दे.

ज्या महिन्यात स्त्रीबीज बाहेर पडत नाही, त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन पुरेसं तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहतं, आणि ते सुटलं की अंगावरून खूप जातं. इस्ट्रोजेन घसरलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं; अंग जरासं तापलं तरी दरदरून घाम फुटतो. रोज रात्री झोपमोड झाल्यावर कोण चिडणार नाही?

पिशवीचं मात्र घाईनं ठरवू नकोस. वाफा थांबवायला पिशवी काढणं हा उपायच नाही, कारण त्या बीजकोशांतल्या हार्मोन्सच्या चढउतारामुळे येतात. सोबत बीजकोशही काढले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात अंगावर येते आणि त्रास वाढतो. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या इतक्या सर्रास काढल्या गेल्या की २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. मला त्याचा अजून राग येतो.

आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, थायरॉइड करून घे. गरज वाटली तर ते अस्तराचा तुकडा तपासायला घेतील. तासातासाला पॅड बदलावं लागत असेल किंवा मोठ्या गुठळ्या पडत असतील तर आजच जा. रक्तस्रावावर गोळ्या आहेत, मिरेना (पिशवीत बसवायची, हार्मोन सोडणारी तांबीसारखी वस्तू) बसवता येते. वाफांसाठी हार्मोन्सची औषधं साठीच्या आत सुरू केली तर बहुतेक निरोगी बायकांना त्यांचा धोक्यापेक्षा फायदा जास्त असतो. पिशवी असताना नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत, जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतं. स्तनाचा कॅन्सर किंवा पायात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर हे आधी सांग. हार्मोन नसलेल्या गोळ्याही मिळतात.

कालनिर्णयवर पाळीच्या तारखांना गोल करतेसच ना? ज्या रात्री घामानं जाग आली तिथंही खूण कर आणि ती पानं डॉक्टरांना दाखव. सलग बारा महिने पाळी आली नाही तरच ती गेली असं धरायचं, तोवर दिवस राहू शकतात. त्यानंतर कधीही रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात तपासून घे.

तुझी ताई