डिजिटल वॉकीटॉकीत बोललेल्या आवाजाचं नेमकं काय होतं? कंट्रोल सर्किट वेगळं असतं का?

कंट्रोलचं आधी उरकतो. पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबलं की मायक्रोकंट्रोलर सिंथेसायझरला (फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या सर्किटला) कोणती फ्रिक्वेन्सी हवी ते सांगतो, रिसीव्हर बंद करून ट्रान्समीटर सुरू करतो आणि माइकचा मार्ग उघडतो. अ‍ॅनालॉग सेटमध्ये ६७ ते २५४.१ हर्ट्झमधला एखादा टोनही मिसळतो. समोरच्या सेटला तो ओळखू आला तरच त्याचा स्पीकर उघडतो, आणि ३०० हर्ट्झखालचं गाळून टाकल्यामुळे टोन कानावर पडत नाही. पूर्वी या कामांना वेगळ्या चिप असायच्या, आता बऱ्याच सेटांत एकच चिप सगळं बघते.

आता आवाज. 'डिजिटल म्हणजे स्वच्छ आवाज' असं सांगून सेट विकणाऱ्यांनी एकदा कॉम्प्रेसरशेजारी उभं राहून बोलून दाखवावं.

मी सेटांची देखभाल करायचो तेव्हा एका कारखान्याने अ‍ॅनालॉग सेट काढून डीएमआर (डिजिटल वॉकीटॉकीचं एक मानक) सेट घेतले. लगेच तक्रार आली: कॉम्प्रेसरपाशी कुणी बोललं की पलीकडे गुळण्या केल्यासारखं ऐकू येतं. पुरवठादाराचा इंजिनिअर म्हणाला, रेंज कमी पडतेय, रिपीटरचा (सिग्नल घेऊन पुढे पाठवणाऱ्या यंत्राचा) अँटेना वर चढवा. सिग्नल भरपूर, वाटेत बिघडणारे बिट नगण्य, तरी अँटेनाच! मी तोच सेट त्याच जागी अ‍ॅनालॉग चॅनेलवर टाकून बोललो. मागे घरघर होती, पण शब्द न् शब्द कळला. तर म्हणे, 'मग माइक गेला असेल.' अहो, माइक तोच होता ना!

डीएमआरमध्ये तुमचा आवाज जसाच्या तसा जातच नाही. तो सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि व्होकोडर, म्हणजे आवाजाचं थोडक्या बिटांत वर्णन करणारा भाग, त्याचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्यात पट्टी कोणती, घशाचा कंप कुठे आणि नुसता श्वास कुठे, कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती जोर, एवढंच टिपतो. सेकंदाला २,४५० बिट त्यासाठी, वर चुका दुरुस्त करायला १,१५०. पलीकडचा सेट त्यावरून आवाज नव्याने घडवतो. हे सगळं एकच माणूस बोलतोय असं धरून बेतलेलं आहे. कॉम्प्रेसरला घसा नसतो, तरी व्होकोडर त्याचीही पट्टी शोधत बसतो. आणि हवेत बिघडलेले बिट दुरुस्त होतात. मुळातच चुकीचं टिपलेलं मात्र इमानेइतबारे पोचतं. अँटेना काय करणार त्यात?

भरीला ऑटोमॅटिक गेन, म्हणजे माइकचा आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय. माणूस हळू बोलला की गेन वाढतो आणि गोंगाटही फुगतो. आम्ही गेन ठरावीक ठेवला, प्रोग्रामिंगमधून नॉइज सप्रेशन चालू केलं, माइक तोंडाजवळ धरायला लावला. तक्रारी थांबल्या. अँटेनाचं बिल तोवर भरून झालं होतं.

हां, रेंजच्या टोकाला डिजिटल खरोखर सरस आहे. अ‍ॅनालॉग तिथे खरखरून जातो. दोन माइकवाले नवे सेटही गोंगाट बराच कापतात. पण घेणार असाल तर डेमो आपल्या गोंगाटात मागा, पुरवठादाराच्या केबिनमध्ये नको.