जुन्या शरीररचनेच्या चित्रांत सांगाड्यामागे गेंडा कशाला? ही चित्रं कला म्हणायची की विज्ञान?

तुम्ही विचारलंय की १७४७ सालच्या एका शरीररचनेच्या पुस्तकात सांगाड्यामागे चक्क गेंडा उभा आहे. शास्त्राच्या पुस्तकात असली सजावट कशाला, आणि त्या काळी कॅमेरा असता तर चित्रकार लागलाच नसता, नाही का? गेंड्याकडे येते, पण आधी कॅमेऱ्याचं सांगते.

मी डिसेक्शन शिकले आणि पुढे बरीच वर्षं वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांसाठी चित्रं काढत आले. पहिल्यांदा डिसेक्शनच्या टेबलापाशी उभी राहिले तेव्हा मला काहीच दिसलं नव्हतं. पुस्तकात धमनी लाल, शीर निळी, चेता पिवळी. समोर मात्र सगळं एकाच मातकट रंगाचं, त्यावर चरबी आणि ओलसर पांढुरके पडदे. हाताला लागतंय ते पोकळ की भरीव, हे चिमटीत धरून ठरवायचं, तेव्हा कुठे चेता ओळखू यायची. या टेबलाचा कितीही चांगला फोटो काढा, फोटोत तोच गोंधळ उतरतो. काय गाळायचं आणि काय ठेवायचं हे चित्र काढणारा ठरवतो, आणि त्यासाठी शरीर आधी कळलेलं असावं लागतं. कला आणि विज्ञान एकमेकांना भेटतात ते माझ्या मते या ठरवण्यात, रेषेच्या देखणेपणात नव्हे.

हे ठरवणं चुकूही शकतं. सोळाव्या शतकातला शरीररचनेचा अभ्यासक व्हेसालियस याने १५३८ मध्ये स्वतः काढलेल्या चित्रांत माणसाचं यकृत पाच पाळ्यांचं आहे, कारण प्राचीन काळातला ग्रीक वैद्य गॅलेन याच्या ग्रंथांतून तसंच शिकवत आले होते, आणि गॅलेनने विच्छेदन केलं होतं ते मुख्यतः प्राण्यांचं. व्हेसालियसचा हात तयार होता, पण डोळा अजून ग्रंथाचंच ऐकत होता. पाचच वर्षांनी, १५४३ मध्ये, बासेलला छापलेल्या त्याच्या मोठ्या ग्रंथात तोच माणूस गॅलेनच्या चुका एकामागून एक दाखवतो. त्यातल्या कातडी काढून स्नायू दाखवणाऱ्या आकृत्या डोंगरदऱ्यांसमोर पावलं टाकत उभ्या आहेत. पुढच्या प्रत्येक पानावर आणखी एक थर सोललेला, आणि शेवटी शेवटी तर शरीर दोरीने तोलून धरावं लागतं. त्या उभं राहण्यालाही अर्थ आहे. स्नायू ओढण्यासाठी असतो. आडव्या देहावर तो कुणीकडे ओढतो हे दिसत नाही.

आता तुमचं पुस्तक. ते हॉलंडमधल्या लायडनच्या अल्बिनस या शरीररचनेच्या प्राध्यापकाचं, चित्रं यान वांडेलारची. अल्बिनसला कुणा एकाचा सांगाडा नको होता, नमुना म्हणून चालेल असा माणूस हवा होता. म्हणून वेगवेगळ्या देहांत पाहिलेलं एकाच आकृतीत बसवलं. त्यासाठी मापं किती काटेकोर घेतली पाहा. सांगाडा दोऱ्यांनी ताणून उभा केला, तोल नैसर्गिक यावा म्हणून एका जिवंत माणसाला त्याच ठेवणीत उभं करून ताडून पाहिलं. सांगाड्यापुढे दोऱ्यांच्या चौकटींची जाळी लावली, अलीकडे लहान चौकटींची दुसरी, आणि चित्रकाराला ४० फुटांवरून बघायला लावलं. जवळून पाहिलं की पुढचा गुडघा मोठा, मागची टाच लहान दिसते. लांब गेलं की हा फरक जवळजवळ जातो. बारकावे मात्र पुन्हा जवळ येऊन भरायचे. जे कुठल्याच एका देहात नव्हतं, ते इतकं मोजून काढलंय.

लंडनचा डॉक्टर विल्यम हंटर याने १७७४ मध्ये नेमकं उलटं केलं. गर्भाशयावरचा त्याचा ग्रंथ ३४ मोठ्या चित्रांचा, आणि त्याचा चित्रकार यान व्हान रिम्सडाइक याने समोर जे आहे तेच काढायचं, सरासरी काढायची नाही, असा बाणा. एका चित्रात गर्भाभोवतीच्या ओल्या पडद्यावर खोलीच्या खिडकीचं प्रतिबिंब पडलंय, चौकटीसकट. त्याचा शरीराशी काही संबंध नाही. पण ते पाहिलं की कळतं, या दिवशी, या उजेडात, कुणीतरी इथे बसून हे पाहिलं होतं. मला ते चित्र फार वेळ बघवत नाही. मांड्या आडव्या कापलेल्या आहेत, आणि ज्या गरोदर बायकांचे हे देह, त्यांची नावं ग्रंथात नाहीत. इतकं खरं काढायचं आणि नाव गाळायचं, हेही कुणीतरी ठरवलेलंच.

कोण बरोबर, असं विचाराल तर शिकणाऱ्याला अल्बिनस लागतो आणि त्याच्यावर शंका घ्यायला हंटर. मी काम करताना दोन्ही उघडून ठेवते.

एक नाव मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. हेन्री ग्रे या इंग्रज डॉक्टरांच्या १८५८ च्या शरीररचनेवरच्या प्रसिद्ध पुस्तकातली चित्रं हेन्री व्हँडाइक कार्टर या तरुण डॉक्टरची आहेत. आधीच्या पुस्तकांत चित्रावर बहुधा अ, ब, क अशी अक्षरं आणि त्यांची नावं दुसरीकडे. वाचणाऱ्याची नजर सारखी ये-जा करायची. कार्टरने नावं स्नायूवरच लिहिली, तंतूंच्या दिशेने वळवून, धमनीच्या कडेने. नाव आणि आकार एकदमच डोक्यात जातात. मी अजूनही नाव लिहिताना आधी तंतू कुणीकडे धावतात ते बघते. पुस्तक बाहेर आलं तोवर तो मुंबईला निघून गेला होता. तिथे त्याने पाय सुजवून पोखरणाऱ्या ‘मदुरा पाय’ या रोगाचा अभ्यास केला. ठरावीक रक्कम त्याला एकदाच मिळाली. विक्रीतला वाटा ग्रे यांना.

तर गेंडा. ती क्लारा, १७४१ मध्ये हिंदुस्थानातून हॉलंडला आणलेली मादी, त्या काळी लोक गर्दी करून बघायचे. नीट पाहिलंत तर तिच्यापुढची आकृती निव्वळ सांगाडा नाही, खोलवरचे काही स्नायू अजून हाडांना चिकटलेले आहेत. अल्बिनसने ही पार्श्वभूमी राहू दिली, कारण आकृतीवरचा उजेड कोऱ्या कागदात हरवू नये अशी त्याची इच्छा होती. करून बघा. त्या चित्राची चांगली छापील प्रत घ्या, आणि गेंडा, झाडं, दगड पांढऱ्या कागदाने झाका. फासळ्यांच्या उजळ कडा कागदात विरघळतात आणि छातीचा पिंजरा चपटा होतो. कागद काढा, मागची करडी छटा परत येते, आणि फासळ्या पुन्हा पाठीकडून पुढे वळताना दिसतात.