आगोर

प्रिय मुली,

तुझे पत्र मिळाले. जैसलमेरजवळ सम येथील वाळूच्या टेकड्यांवर तू दोन दिवस राहून आलीस, तंबू, उंटाची फेरी, रात्रीचे नाचगाणे असे सारे पाहिलेस आणि घरी परतल्यावर तुला फसवले गेल्यासारखे वाटले. आता फेब्रुवारीत पुन्हा जायचे तर 'खरे गाव' कोठे शोधावे, आणि ते सापडले तरी तेथील लोकांच्या ओढगस्तीकडे पाहत उभे राहण्याचा आपल्याला काय अधिकार, असे दोन प्रश्न तू विचारले आहेस. दुसरा प्रश्न तुला पडला याचे समाधान वाटले. पहिल्याचा, खरे सांगायचे तर, राग आला. तुझ्यासाठी नटते ते गाव खोटे आणि नटत नाही ते खरे, ही वाटणी केली कोणी? तंबूंपुढे कमायचा हे तंतुवाद्य वाजवणाऱ्या मांगणियार या गायक-वादक जमातीतल्या कलावंतालाही रात्री घरी जायचे असते, आणि त्याच्याही घरी माठ भरलेला असावा लागतो.

तेव्हा खऱ्याखोट्याचा नाद सोड आणि आधी पाणी विचार. गावाचे नाव, जात, देऊळ, लोकगीते हे सगळे नंतर. हे घर कोणते पाणी पिते, ते कोठे साठते आणि कोण भरते, एवढे कळेपर्यंत कॅमेरा पिशवीतून बाहेर काढू नकोस.

हा हट्ट मला फुकट मिळालेला नाही. २६ वर्षांचा असताना मी जैसलमेरकडच्या खुडी गावाच्या पुढे एका ढाणीवर, म्हणजे शेतातल्या चार-सहा झोपड्यांच्या वस्तीवर, उतरलो होतो. वस्तीबाहेर गोल, चोपून सपाट केलेली मोकळी जमीन होती आणि तिच्या मधोमध पांढरा, घुमटाकार कट्टा. उजेड सुरेख पडला होता. मी बूट घालून सरळ त्या जमिनीवरून चालत गेलो, तिवई रोवली आणि पाऊण तास छायाचित्रे काढत राहिलो. मागे वळून पाहिले तेव्हा घरातले म्हातारे आजोबा अनवाणी, हातात झाडू घेऊन, माझ्या पावलांचे ठसे एकेक करून कडेपर्यंत झाडत नेत होते. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. संध्याकाळी ताक मात्र त्यांनीच आणून दिले.

तो कट्टा म्हणजे टाके होते. आपण किल्ल्यांवर पाहतो ती टाकी खडकात खोदलेली असतात. हे जमिनीत खणून आतून लिंपलेले आणि वरून झाकलेले असते. भोवतालची उतरती जमीन म्हणजे आगोर. तिच्यावर पडलेला पाऊस भिंतीतल्या भोकांवाटे आत उतरतो आणि तेच पाणी घरदार कित्येक महिने पिते. म्हणून पावसाळ्यापूर्वी आगोर झाडून लख्ख करतात, तेथे गुरे फिरकू देत नाहीत, आणि पायताण घालून तर कोणीच जात नाही. गावात सर्वांत जपलेली जी जागा होती, तिला मी पडीक माळ समजलो. दुसऱ्या दिवशी हे कळल्यावर शरमेपोटी क्षमा न मागताच निघून आलो. दोन वर्षांनी परत गेलो तेव्हा आजोबा नव्हते.

तेथे वर्षाचा पाऊस जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. तेथील माणसे पाण्याला तीन नावांनी ओळखतात: पावसाचे थेट साठवलेले ते पालर पाणी, वाळूत मुरून ओल होऊन राहिलेले ते रेजाणी, आणि खोल विहिरीतले, बहुधा खारे, ते पाताळपाणी. काही ठिकाणी वाळूखाली जिप्समचा पट्टा असतो. तो मुरलेल्या गोड पाण्याला खालच्या खाऱ्यात मिसळू देत नाही, आणि त्याच्या आधाराने अरुंद कुई, म्हणजे लहानशी विहीर, खणून थेंबाथेंबाने पाणी गोळा करतात. वाळवंटात काही नसते असे म्हणणाऱ्यांना मी ही तीन नावे ऐकवतो.

कुलधाऱ्यालाही तू जाऊन आलीस आणि भुताच्या गोष्टींचे एक पान लिहिलेस. माझ्या आयुष्यातला फार वेळ मी अशी पाने वाचण्यात घालवला आहे. ते गाव पालीवाल ब्राह्मणांचे. उताराच्या तळाशी मातीचा बांध घालून पावसाचे पाणी अडवायचे, ते मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा काढायचा, या खडीन शेतीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एकोणिसाव्या शतकात ते गाव ओस पडले. लोक दिवाणाच्या जुलमाची कथा सांगतात. पाणी आटत गेले हेही कारण अभ्यासक देतात. तू खडीन पाहिलेस का? नाही ना? आधी पाणी विचारले असतेस तर पाहिले असतेस.

आता तुझा अधिकाराचा प्रश्न. पुढे केलेले पाणी नाकारू नकोस, तो अपमान ठरतो. पण घेशील तेवढे संपव, आणि टाक्याच्या पाण्याने अंघोळ करू नकोस. राहण्याचे पैसे आधी ठरवून घरच्या माणसाच्या हातात दे. मुलांना गोळ्या वाटून दानशूर होऊ नकोस. पाणी बहुतेक घरी बायकाच भरतात. त्यांच्याबरोबर तू टाक्यापर्यंत आणि तेथून चुलीपर्यंत जाशील. मी पुरुष असल्यामुळे तीस वर्षांत तो उंबरा ओलांडू शकलो नाही. याचा मला हेवा वाटतो, हे लिहून टाकतो.

'तुम्ही त्याच एका ढाणीवर का जात राहिलात, सहारा पाहिला नाहीत, पुस्तक लिहिले नाहीत,' असे लोक मला विचारतात. तूही आडून विचारलेच आहेस. आळस म्हण हवे तर. मला मात्र वाटते, पाच पावसाळ्यांपूर्वी ढाणीवरच्या माणसांबरोबर झाडू घेऊन तो आगोर झाडला, तेव्हा कोठे मी पहिल्यांदा तेथे गेलो.

अलीकडे इंदिरा गांधी कालव्याचे पाणी नळाने बऱ्याच गावांत पोहोचले आहे आणि टाकी दुर्लक्षित होऊ लागली आहेत. गेल्या खेपेला त्या ढाणीवरच्या टाक्याचे कुलूप गंजलेले होते, आगोरावर शेळ्या बसल्या होत्या, आणि नळ चार दिवसांपासून कोरडा होता. तू जाशील तेव्हा वाळूवरच्या सूर्यास्ताचे छायाचित्र मला पाठवू नकोस. शेळ्या अजून तेथेच बसतात का, तेवढे कळव.

तुझा,
काका