भोपळ्यात बसूनही उडी मारता आली पाहिजे

स्नेहसंमेलनाचे दिवस आले की पत्रांचा सूर एकच असतो: ‘गोष्टीतलं पात्र दिलंय, चार दिवस हातात आहेत, भाड्याचा ड्रेस परवडत नाही किंवा आवडत नाही.’ बालनाट्यांसाठी कपडे शिवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्या भरवशावर या वेळच्या पाच पत्रांना उत्तरं देते आहे.

प्रश्न : मुलगी पाच वर्षांची आहे. शाळेत ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’मधली म्हातारी व्हायचंय. नऊवारी, अंबाडा, काठी आणि वर भोपळा, हे सगळं कसं जमवू? माझ्याकडे मशीन नाही, हातशिलाई जेमतेम येते. (एक आई, नाशिक)

आधी नऊवारी यादीतून काढून टाका. म्हातारी भोपळ्यात बसली की कमरेखालचं काही दिसतच नाही. दिसतात ते चेहरा, डोक्यावरचा पदर आणि दोन हात. तेव्हा आत तिची नेहमीची लेगिंग, वर पूर्ण बाह्यांचा कुठलाही जुना टॉप आणि डोक्यावरून घेतलेली काठाची एक ओढणी एवढं पुरे. केसांसाठी कापूस चिकटवू नका, घामाने तो तोंडात येतो. पांढऱ्या लोकरीचे बारा-पंधरा धागे हेअरबँडला बांधा आणि त्यावर पदर घ्या. पुढून पिकल्या केसांची कड तेवढी दिसते आणि तीच हवी असते.

आता भोपळा. बाजारात केशरी सॅटिनचा मिळतो, पण तो परदेशी चित्रांतला भोपळा आहे. आपल्या मंडईतला लाल भोपळा आतून केशरी असतो. बाहेरून तो बऱ्याचदा हिरवट-पिवळा, मळकट ठिपक्यांचाच असतो. म्हणजे घरातली जुनी मेंदी किंवा मोहरी रंगाची चादर जास्त खरी दिसेल. नवं कापड घेऊ नका.

चादरीतून 60 इंच लांब आणि 28 इंच उंच पट्टा कापा. आखूड बाजू एकमेकींना जोडून नळी करा. वरची आणि खालची कड दीड इंच दुमडून नेफा घाला, म्हणजे इलॅस्टिक ओवायची पोकळ पट्टी. साधा धावदोरा (वर-खाली सरळ टाके) चालेल, फक्त टाके जवळजवळ घ्या आणि दोरा दुहेरी. वरच्या नेफ्यात 24 इंच इलॅस्टिक, खालच्या नेफ्यात 30 इंच. खालचं सैल ठेवायचं कारण पुढे सांगते.

फुगीरपणासाठी फुगे भरू नका, ऐन स्टेजवर एखादा फुटला की मूल दचकतं. वर्तमानपत्राचे बोळे जड होतात आणि खाली बसतात. बागेला पाणी घालायच्या जुन्या नळीचा 58 इंच तुकडा घ्या. दोन्ही टोकांत मिळून एक बोटभर लांब काडी खुपसून ती जोडा आणि वरून चिकटपट्टी गुंडाळा. हे कडं कापडाच्या आतून, मधोमध, आठ ठिकाणी घट्ट टाचा. साधारण दीड फूट रुंदीचा भोपळा तयार. नळी दबते, त्यामुळे दारातून जाताना किंवा बाकावर बसताना अडत नाही. लोखंडी तार मात्र कधीच नको, ती टोचते. फाकांसाठी वरून खाली आठ उभे धावदोरे घालून जाड दोरा जरासा ओढून घ्या. वजन खांद्यांवर येईल असे नाडीचे दोन पट्टे लावा, पाठीमागे फुली करून, म्हणजे ते घसरत नाहीत.

आता खालचं इलॅस्टिक. गोष्टीचा जीव ‘टुणुक टुणुक’मध्ये आहे. मुलीला उडी मारता आली नाही तर भोपळा कितीही देखणा होऊ दे, गोष्ट तिथेच थांबते. घरी तिला दहा उड्या मारायला लावा. भोपळा गुडघ्यात अडकला तर खालचा नेफा दोन इंच वर घ्या. ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन’ हे म्हणताना तिचे हात मोकळे असतील हेही बघा, कारण पाच वर्षांचं मूल हातांनीच बोलतं. काठीसाठी वर्तमानपत्राची घट्ट सुरळी करून वर ब्राउन पेपर लावा. लागली तरी कुणाला इजा होत नाही.

इलॅस्टिक, नाडी, दोरा आणि लोकर मिळून दीडशे रुपयांच्या आत भागावं.

प्रश्न : टोपीविक्याच्या गोष्टीतलं माकड करायचंय. रबरी मुखवटा घ्यावा का? आणि शेपूट सारखी गळून पडते, त्याला काय करावं? (एक बाबा, सांगली)

मुखवटा नको. आत गरम होतं, बाजूचं दिसत नाही, आवाज दबतो आणि मुलाच्या चेहऱ्यावरची मजा कुणालाच दिसत नाही. गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर थोडा रंग पुरतो. पोस्टर कलर, ऑइल पेंट, मार्कर यांपैकी काहीही कातडीला लावू नका. आधी क्रीम चोळा, मग काजळ किंवा आयब्रो पेन्सिल. चेहऱ्यासाठीचे रंग घेतलेत तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. उतरवताना घासू नका, खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसा.

शेपूट पँटला टाचली की तिच्या ओझ्याने पँटही खाली येते आणि शेपूटही. ती कमरेच्या वेगळ्या पट्ट्याला शिवा, पट्टा शर्टच्या आतून बांधा आणि शर्टाच्या खालून शेपूट बाहेर काढा. जुन्या तपकिरी लेगिंगची 6 इंच रुंद पट्टी शिवून नळी करा आणि शिंप्याकडच्या कतरणीने भरा. शिंपी ती बहुधा फुकट देतो, मागायची लाज नको. भरल्यावर एका बाजूने धावदोरा घालून ओढला की शेपूट आपोआप वळते, तार लागत नाही. लांबी गुडघ्याच्या वरच ठेवा, नाहीतर मागचं माकड तिच्यावर पाय देतं.

एक गोष्ट मुलाला जरूर दाखवा. काळ्या तोंडाचं, राखाडी, लांब शेपटीचं ते वानर; तांबूस तोंडाचं, तपकिरी, वानरापेक्षा आखूड शेपटीचं ते माकड. चित्रांत दोन्हींची सरमिसळ असते. घरात राखाडी टी-शर्ट असेल तर वानर करा, तपकिरी असेल तर माकड. टोप्या दोघंही फेकतील.

प्रश्न : मुलगा डोक्यावर काहीच ठेवू देत नाही, कानांचा हेअरबँडही नाही. आणि त्याला मिळालाय टोपीवाला उंदीर! रोज रडारड होते. (एक आई, ठाणे)

त्याच्यावर जबरदस्ती करू नका. काही मुलांना डोक्यावरचा, कानामागचा दाब खरोखर सहन होत नाही. तो हट्ट नसतो.

आणि गोष्ट तुमच्या बाजूची आहे. राजा उंदराची टोपी काढून घेतो, म्हणूनच तो ढोलकं वाजवत ‘राजा भिकारी, माझी टोपी घेतली’ म्हणत फिरतो. म्हणजे गोष्टीचा सगळ्यात गमतीचा भाग उंदीर बोडक्या डोक्यानेच करतो! तुमच्या मुलाला तिथूनच सुरुवात करू द्या. लाल कापडाची गोंडे लावलेली टोपी खिशात असू द्या. ‘राजा मला भ्याला, माझी टोपी दिली’ म्हणताना ती काढून हातात नाचवायची, घालायची नाही. गळ्यात अडकवलेलं ढोलकंही त्याला नको असेल तर डबा हातात द्या. चेहऱ्यावर काजळाच्या सहा मिशा, मागे बारीक शेपूट. कान नसले तरी उंदीर ओळखू येतो.

टोपी मात्र त्याच्यासोबत बसून करा. गोंडे त्याला निवडू द्या. ज्या वस्तूला मुलाचा हात लागलेला असतो, तिची भीती कमी होते, हे मी रंगीत तालमींत अनेकदा पाहिलंय.

प्रश्न : काऊ आणि चिऊ, दोन्ही घरातच आहेत, जुळी मुलं! पंख स्वस्तात कसे करू? (एक मावशी, कोल्हापूर)

मोडकी काळी छत्री शोधा. काड्या, टोकं आणि दांडा पूर्ण काढून टाका, कापड मधोमध कापा. अर्धं एका हाताला, अर्धं दुसऱ्या. कापलेली सरळ कड बाहीला मानेपासून मनगटापर्यंत टाचा. छत्रीची कमानदार कड पिसांसारखी दिसते आणि हात पसरले की पंख आपोआप उघडतात. चिऊसाठी तोच आकार जुन्या तपकिरी ओढणीतून कापा. गळ्याशी काळा डाग काढू नका, तो चिमण्याला असतो, चिमणीला नसतो. दीपप्रज्वलनाच्या समईपासून दोघांनाही लांब उभं करा. छत्रीचं कापड पटकन पेट घेतं.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मार्चच्या पहिल्या गुरुवारी इथल्या शाळांत ‘वर्ल्ड बुक डे’ असतो, मुलं पुस्तकातली पात्रं होऊन जातात. लेकाला मराठी गोष्टीतलं काहीतरी करायचंय, पण वर्गात कुणालाच ते कळणार नाही. (एक आई, लेस्टर)

टोपीविक्या करा. गोष्ट माहीत नसली तरी डोक्यावर पाच टोप्यांची चळत घेतलेला मुलगा बघून कुणीही ‘हे काय?’ विचारतंच, आणि मग त्याला ती सांगता येते.

मोठ्यांच्या जुन्या टी-शर्टांच्या बाह्या कापा. वरचं टोक आतून दोऱ्याने बांधलं की टोपी झाली. चार रंगांच्या चार करा, आत हलके कागदाचे बोळे घाला आणि एकीवर एक ठेवून टाके घाला. सगळ्यात खाली त्याच्या मापाची, त्याच्या सवयीची लोकरी टोपी. प्राथमिक शाळेतल्या मुलांचं डोकं साधारण 20-21 इंच असतं, पण टेप लावून मोजाच. हनुवटीखाली पातळ इलॅस्टिक. अंगात सदरा, आणि थंडी असेल तर सदऱ्याच्या आत थर्मल. कोट वरून घालायला लागला तर टोप्या तरी दिसतातच.

काखेत एक कापडी पिशवी द्या, तिच्यात सुट्या दोन टोप्या ठेवा. मधल्या सुट्टीत मित्र माकडं होतील तेव्हा त्या लागतील.