वाचक विचारतात : अमेरिकेतल्या शपथविधीचा यजमान कोण?

प्रश्न : अमेरिकेत नवा राष्ट्राध्यक्ष शपथ घेतो तो एवढा मोठा सोहळा निवडून आलेल्याचाच पक्ष करतो ना? खर्चपण तेच करत असतील.

उत्तर : अर्धं बरोबर आहे तुमचं. परेड, रात्रीचे बॉल म्हणजे नाचाच्या मेजवान्या, गाणीबजावणी हा सगळा थाट निवडून आलेल्या माणसाची स्वतःची समिती करते आणि त्यासाठी देणग्या गोळा करते, त्या देणग्या कोण देतं आणि का देतं हा वेगळाच विषय, तो परत कधीतरी. पण खुद्द शपथ, म्हणजे कॅपिटॉल या त्यांच्या संसद भवनासमोरचा तो स्टेज, खुर्च्या, कोण कुठे बसणार, कोण कुणाच्या मागून येणार, तिकिटं, नंतरचं जेवण, हे सगळं काँग्रेसचं, म्हणजे त्यांच्या संसदेचं काम. दर चार वर्षांनी दोन्ही सभागृहं ठराव करून ६ जणांची संयुक्त समिती नेमतात, ३ सिनेटचे आणि ३ प्रतिनिधीगृहाचे. १९०१ पासून असंच चालू आहे, त्याआधी एकटं सिनेटच बघायचं. सुरक्षेची मुख्य जबाबदारी सिक्रेट सर्व्हिसकडे, म्हणजे राष्ट्राध्यक्षांना सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे असते आणि मदतीला सैन्यपण असतं.

आणि गंमत म्हणजे ही समिती निकालाची वाट बघत बसत नाही. नोव्हेंबरात मतदान, पण स्टेजचा पहिला खिळा ठोकायचा कार्यक्रम २०२४ ला सप्टेंबरातच झाला होता, म्हणजे नवरा मुलगा ठरायच्या आधीच मांडव घालायला घेतला म्हणा ना. लाकडाचा स्टेज असतो तो, १६०० च्या वर माणसं मावतात, दर वेळी नव्याने बांधायचा आणि कार्यक्रम झाला की काढून टाकायचा.

यावरूनच एक किस्सा. आधी बराच काळ शपथविधी कॅपिटॉलच्या पूर्वेच्या बाजूला व्हायचा, १९८१ ला तो पहिल्यांदा पश्चिमेला झाला आणि लोक अजून सांगतात की नवे राष्ट्राध्यक्ष रेगन कॅलिफोर्नियाचे, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यातले म्हणून त्यांनी मुद्दाम पश्चिमेकडे तोंड केलं. ऐकायला झकास आहे, पण तसं काही नाही, समितीने ते १९८० च्या उन्हाळ्यातच ठरवून टाकलं होतं, तेव्हा रेगन निवडूनसुद्धा आले नव्हते. कारण एकदम साधं होतं, त्या बाजूला बांधकामाचा खर्च वाचत होता आणि समोर नॅशनल मॉल नावाचं लांबलचक मैदान असल्यामुळे गर्दीला जागा जास्त मिळत होती.

प्रश्न : समितीत हरलेल्या पक्षाचे लोकपण असतात म्हणे. मग ते आडकाठी करत नाहीत का?

उत्तर : असतात ना, आणि कधीकधी अध्यक्षपदच त्यांच्याकडे असतं. २०२५ ला ट्रम्प यांच्या शपथविधीच्या समितीच्या अध्यक्ष विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या सिनेटर एमी क्लोबुशार होत्या, स्टेजवर कार्यक्रमाची सुरुवातही त्यांनीच केली. २०२० मध्ये मात्र जरा तमाशा झाला. डिसेंबरमध्ये समितीत ठराव आला की आपण बायडन यांच्या शपथविधीची तयारी करतोय हे सरळ मान्य करूया, त्यावर ट्रम्प यांच्या पक्षाचे तिघं विरोधात गेले, मतं पडली ३ विरुद्ध ३, ठराव नापास! पण सुतारांचं काम काही थांबलं नाही. पुढे ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांचे समर्थक दंगलखोर कॅपिटॉलमध्ये घुसले तेव्हा त्याच अर्धवट बांधलेल्या स्टेजवरपण चढले, आणि बरोबर दोन आठवड्यांनी त्याच जागी शपथ झाली. मला विचाराल तर ही समिती कशासाठी असते ते त्या दोन आठवड्यांत जेवढं कळलं तेवढं एरवी कळत नाही.

प्रश्न : तिकीट केवढ्याला मिळतं?

उत्तर : फुकट. समिती ती खासदारांना वाटून देते आणि लोक आपापल्या खासदाराकडे मागतात. साधारण दोन लाखांच्या वर तिकिटं निघतात, रंगारंगाची, ज्या रंगाचं तिकीट त्या गेटने आत. मॉलवर लांब उभं राहून बघायला तिकीट लागत नाही. ओबामांच्या वेळी, २००९ ला, जांभळ्या तिकिटवाल्या हजारो लोकांना थर्ड स्ट्रीटच्या बोगद्यात रांगेत उभं केलं, लोक बिचारे थंडीत तासन्‌तास तिथेच, आणि गेट काही उघडलं नाही, हातात तिकीट असून शपथ हुकली. नंतर समितीच्या अध्यक्ष डायन फाइनस्टाइन यांनी चौकशी करायला लावली. २०२१ ला कोविडमुळे तर तिकिटं खासदार आणि त्यांच्यासोबत एक पाहुणा एवढ्यापुरतीच राहिली.

प्रश्न : जानेवारीत तिकडे कडाक्याची थंडी. हवा बिघडली तर तारीख पुढे ढकलतात का?

उत्तर : छे, ढकलताच येत नाही. विसाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे २० जानेवारीला दुपारी १२ वाजता जुन्याची मुदत संपते आणि नव्याची सुरू होते. (आधी ४ मार्च असायचा, १९३७ पासून जानेवारी.) २० ला रविवार आला तर शपथ त्या दिवशी घरगुती होते आणि जाहीर सोहळा सोमवारी. १९८५ ला तसंच झालं, वर थंडी उणे १४ सेल्सियसच्या आसपास, मग परेड रद्द आणि शपथ आत रोटुंडात म्हणजे घुमटाखालच्या दालनात. २०२५ ला परत तेच, शुक्रवारी ठरलं आणि सोमवारी शपथ! ट्रम्प यांनीच आत घ्यायचं जाहीर केलं, समिती म्हणाली विनंती मान्य. रोटुंडात माणसं मावतात सहाएकशे, त्यामुळे बाहेरच्या त्या लाखो तिकिटांची झाली आठवणीची कागदं, आणि जमतील तेवढ्या लोकांनी कॅपिटल वन अरीना या बंदिस्त स्टेडियममध्ये पडद्यावर बघितलं. महिनोन्‌महिने खपून बांधलेला स्टेज बाहेर रिकामा.

प्रश्न : रिहर्सल करतात का हो याची?

उत्तर : करतात, आणि बघण्यासारखी असते. राष्ट्राध्यक्षांच्या जागी सैन्यातलं कुणीतरी उभं करतात, गळ्यात पाटी अडकवून. तो पायऱ्या उतरतो, हात वर करतो, शपथेची नक्कल करतो, आणि घड्याळ लावून सगळं मोजतात, कारण शपथ १२ च्या ठोक्याला बसवायची असते.