इशारा पातळी, धोका पातळी आणि खंडूची वही

"घरातल्या कुत्र्याला फिट येऊ लागल्यापासून मला झोप नाही, कामात लक्ष नाही. माणसासाठी असं झालं असतं तर कुणी बोललं नसतं. कुत्र्यासाठी होतंय, म्हणजे माझंच काही बिघडलंय का?" हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यासमोर अनेकदा आला आहे. बहुतेक वेळा तो भेटीच्या शेवटच्या पाच मिनिटांत येतो. त्याआधी कामाचा ताण, पित्त, डोकेदुखी असे सगळे सांगून झालेले असते, कारण कुत्र्यासाठी समुपदेशकाकडे आलो हे कबूल करायला माणसाला संकोच वाटतो. ज्यांची हकिगत इथे सांगते आहे त्या ताई मात्र खुर्चीत बसण्यापूर्वीच म्हणाल्या, "हसू नका मॅडम, पण मी आमच्या खंडूसाठी आलेय." त्यांच्या संमतीने हे लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई कोल्हापुरातच नोकरी करतात, यजमान शिरोलीच्या एका फाउंड्रीत आहेत, मुलगा पुण्यात शिकतो आणि घरी सासूबाई आहेत. ऑगस्ट २०१९च्या महापुरात, पाणी ओसरताना, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी चिखलात महिन्याभराचे एक पिल्लू सापडले. त्या पुरात यांच्याही घरात पाणी शिरले होते, त्यामुळे घर धुऊन-पुसून पुन्हा उभे करण्याचे दिवस आणि पिल्लाला ड्रॉपरने दूध पाजण्याचे दिवस एकच होते. कुत्रा खंडोबाचा सोबती म्हणून सासूबाईंनी त्याचे नाव खंडू ठेवले. घरात 'पुरानंतर' असा उल्लेख होतो तेव्हा त्यात खंडू आपोआप येतो. ही पार्श्वभूमी मी पहिल्याच भेटीत मुद्दाम तपशिलाने विचारून घेतली, कारण 'एवढं काय त्या कुत्र्याचं' या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिथेच मिळते.

२०२४च्या दिवाळीनंतर, पाच वर्षांचा आणि तोवर ठणठणीत असलेला खंडू एका पहाटे झोपेतच ताठ झाला, चारही पाय झाडू लागला, तोंडाला फेस आला आणि लघवी झाली. त्याची जीभ आत जाईल या भीतीने यजमानांनी तोंडात बोटे घातली आणि ती चावली गेली. सासूबाईंनी कांदा फोडून नाकाशी धरला, मग चप्पलही आणली. दीड-दोन मिनिटांत झटके थांबले, पण त्यानंतर तासभर तो भिंतीला धडकत घरभर फिरत राहिला आणि हाक मारली तरी ओळख दाखवीना. ताईंच्या मनात सर्वांत खोल रुतली ती झटक्यांची दोन मिनिटे नव्हेत, हा तास. "तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याला कुणीच नव्हते," असे त्या म्हणाल्या.

सकाळी शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न होता, 'पिसाळलं का काय?' आपल्याकडे तो अनाठायी नाही. यजमानांनी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली आणि सीपीआर या सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू केली, हे अगदी योग्य झाले. आपल्या कुत्र्याचे लसीकरण झालेले असले तरी चावा डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे. खंडूच्या पशुवैद्यांनी मात्र लवकरच दिलासा दिला. रेबीज झालेले जनावर तासाभरात पूर्ववत होऊन दुपारी भाकरी मागत नाही, ते दिवसागणिक बिघडत जाते आणि लक्षणे दिसू लागल्यापासून साधारण दहा दिवसांच्या आत दगावते. रक्तातील साखर, कॅल्शियम, यकृत, मूत्रपिंड यांच्या तपासण्या ठीक निघाल्या आणि दोन फिटांच्या मधल्या काळात कुत्रा सर्वार्थाने नॉर्मल होता. एमआरआयसाठी मोठ्या शहरात जाण्याचा पर्याय डॉक्टरांनी सांगितला होता. पण पहिली फिट सहा महिने ते सहा वर्षे या वयात आलेली आणि मधल्या काळात काहीच दोष नाही, हे चित्र ज्याचे कारण सापडत नाही अशा अपस्माराचे असते, म्हणून त्यांनी उपचार सुरू केले. तोपर्यंत तीन आठवड्यांत तीन फिट येऊन गेल्या होत्या.

'कारण सापडत नाही' हे शब्द डॉक्टरांना सोपे असतात, घरच्यांना नसतात. रिकामी राहिलेली ती जागा ताईंनी स्वतःच्या चुकांनी भरून काढली. फटाक्यांच्या आवाजाने झाले असेल, पाहुण्यांच्या मुलाने चॉकलेट घातले असेल, लहानपणी पुराचे पाणी पोटात गेले होते त्याचे हे असेल, अशी यादीच त्यांनी माझ्यापुढे ठेवली. अपराधी वाटून घेण्यात एक विचित्र सोय असते. माझी चूक असेल तर ती टाळता आली असती, म्हणजेच पुढचीही टाळता येईल, असे मनाला वाटते. चूक कुणाचीच नसेल तर मात्र पुढची फिट आपल्या हातात नाही हे मान्य करावे लागते, आणि ते फार जड जाते. ही यादी मी खोडून काढत बसले नाही. ती कागदावर लिहून पशुवैद्यांकडे न्यायला सांगितले. त्यांनी एकेक ओळ वाचून उत्तर दिले आणि तो विषय बहुतांशी तिथे मिटला. वैद्यकीय शंकेवर समुपदेशकाने धीर देऊ नये, ज्याला माहिती आहे त्याच्याकडे पाठवावे, असे माझे मत आहे.

खरा गुंता रात्रीचा होता. अशा फिट पुष्कळदा विश्रांतीत किंवा झोपेत येतात, हे ताईंच्या ध्यानात आले होते. म्हणून त्या हॉलमध्ये जमिनीवर गादी घालून, खंडूच्या पाठीवर हात ठेवून झोपत, म्हणजे खरे तर झोपतच नसत. फरशीवर नखांचा आवाज झाला की उठायचे, तो स्वप्नात पाय हलवू लागला की दिवा लावायचा. मुलगा पुण्याहून दिवसातून सहा वेळा फोन करी आणि यजमान वैतागून म्हणत, "कुत्रं हाय ते, त्यापायी तू आजारी पडशील." ताईंना हा अलिप्तपणा वाटला होता. मला त्या वाक्याचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा वाटला आणि तसे मी त्यांना सांगितले.

'काळजी करू नका' हा सल्ला अशा ठिकाणी निरुपयोगी असतो, कारण काळजी करण्यासारखे खरोखरच काही असते. मी त्यांना विचारले, जुलैमध्ये आठ दिवस पाऊस लागून राहतो तेव्हा तुम्ही काय करता? त्या लगेच म्हणाल्या, "राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो." कोल्हापुरात हे शिकवावे लागत नाही. पंचगंगेवरच्या या बंधाऱ्यापाशी पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पंचगंगा आपल्या ताब्यात नाही, पण कोणत्या आकड्याला सामान माळ्यावर टाकायचे आणि कोणत्या आकड्याला घर सोडायचे हे आधी ठरलेले असते. म्हणूनच ३५ फुटांना माणूस निदान आडवा तरी होतो. खंडूच्या आजाराला अशा पातळ्याच नव्हत्या. त्याने पाय हलवला की ताईंच्या लेखी ४३ फूट.

मग त्यांनी पशुवैद्यांकडून पातळ्या ठरवून आणल्या. एकच फिट आली आणि ती लवकर थांबली, तर घड्याळ लावायचे, आसपासचे फर्निचर बाजूला करायचे, दिवा आणि आवाज मंद करायचा आणि वहीत नोंद करायची. तोंडात हात घालायचा नाही, कारण कुत्रा जीभ गिळत नाही. कांदा नको, चप्पल नको आणि तो पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीही नको. ही झाली इशारा पातळी. फिट पाच मिनिटांवर गेली, चोवीस तासांत दुसरी आली, किंवा एकीतून सावरण्यापूर्वीच पुढची सुरू झाली, तर वेळ न घालवता दवाखाना, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. ही धोका पातळी. रात्री सुरू असलेल्या दवाखान्याचा नंबर आणि गाडी असलेल्या शेजाऱ्यांचा नंबर फ्रिजवर चिकटवला. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला सांगता आली नसती. अशा झटक्यांच्या वेळी कुत्रा शुद्धीवर नसतो, त्यामुळे आपल्याला दिसते तितक्या यातना तो भोगत नसतो, आणि नंतरचा तो ओळख हरवलेला तास हा मेंदू सावरण्याचा काळ असतो. खंडूने ताईंना नाकारले नव्हते, हे त्यांना एवढ्या स्पष्ट शब्दांत ऐकण्याची गरज होती.

औषध होते फिनोबार्बिटोन, दर बारा तासांनी. सकाळी सातची गोळी यजमानांनी स्वतःकडे घेतली. फाउंड्रीच्या शिफ्टमध्ये आयुष्य गेलेला माणूस, त्यामुळे भाकरीच्या तुकड्यात लोण्यात दाबलेली गोळी सातच्या सातला खंडूच्या तोंडात जाते. (ही गोळी माणसांच्या मेडिकलमधूनच, चिठ्ठीवर मिळते. 'पेशंटचं वय?' 'पाच.' 'नाव?' 'खंडू.' हा संवाद ताईंनी मला हसत सांगितला. त्यांना हसताना मी तेव्हा प्रथम पाहिले.) औषधाची रक्तातील मात्रा स्थिर व्हायला दोनेक आठवडे लागतात आणि सुरुवातीला कुत्रा झोपाळू होतो, लडखडतो, पाणी आणि खाणे सारखे मागतो, याची कल्पना आधीच दिलेली असल्याने नवी घबराट झाली नाही. ते अचानक बंद करायचे नाही, हा सर्वांत कडक नियम. पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद होतो, मालाची गाडी येत नाही, हे अनुभवलेले घर असल्याने यजमानांनी आपणहून ठरवले की जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांच्या गोळ्या कायम शिलकीत ठेवायच्या. अलिप्त माणूस असे करत नाही. ताईंना मी एवढेच दाखवून दिले.

रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या. एक दिवसाआड ताईंनी आतल्या खोलीत, दार लावून झोपायचे. पहिल्या आठवड्यात हे जमले नाही. दुसऱ्या आठवड्यात एक रात्र जमली आणि त्याच रात्री फिट आली. यजमानांनी घड्याळ लावले, एक मिनिट चाळीस सेकंद लिहिले आणि ताईंना सकाळी सांगितले. मला वाटले आता सगळे पुन्हा विस्कटणार. झाले उलटे, आपण जवळ नसतानाही तो सावरला हे त्यांना प्रथमच कळले.

तिसऱ्या भेटीत त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग खिडकीकडे पाहत म्हणाल्या, "दुसरी फिट आली ना, तेव्हा माझ्या मनात आलं की आता एकदाचं संपू दे." पुढे बोलवेना. ज्याला ड्रॉपरने दूध पाजले त्याच्याबद्दल असे मनात आले म्हणजे आपण आतून दुष्ट आहोत, ही गोष्ट त्या सहा आठवडे एकट्याने वाहत होत्या. रात्र रात्र जागण्यामागे भीतीइतकेच हे प्रायश्चित्तही होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. मी आधीच ओळखायला हवे होते.

अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या लेकी-सुनांनी हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मला सांगितले आहे. 'संपू दे' म्हणताना मन कुणाच्या मरणाची इच्छा करत नसते, समोरचे हाल आणि स्वतःची हतबलता यांतून सुटका मागत असते. दमलेल्या माणसाजवळ त्यासाठी दुसरा शब्द नसतो, म्हणून तो मरणाचा शब्द वापरतो. ज्याच्यावर जीव नाही त्याच्या यातना संपाव्यात म्हणून कुणी पहाटे चार वाजता देवाला हात जोडत नाही. हे मी त्यांना समजावले खरे, पण समजावण्याने काम अर्धेच झाले. उरलेले अर्धे त्यांनी घरी जाऊन केले. हीच गोष्ट त्यांनी सासूबाईंना सांगितली. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांच्या शेवटच्या महिन्यात मी दत्ताला रोज तेच म्हणत होते." सून घरात आल्याला बावीस वर्षे झाली होती आणि हे वाक्य त्या दोघींमध्ये त्या दिवशी प्रथमच उच्चारले गेले.

त्यानंतर 'इंजेक्शन देऊन सोडवा' म्हणणाऱ्या नातेवाइकांचा प्रश्नही बोलण्याजोगा झाला. कायमची सुटका देण्याचा निर्णय कधीकधी योग्य आणि दयाळूपणाचा असतो, यात मला शंका नाही. पण तो फिट चालू असताना, पहाटे, रडत रडत घ्यायचा नसतो. म्हणून बऱ्या दिवशी, दुपारी, घरातल्या सगळ्यांनी बसून वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले: तो आपणहून खातो का, माणसे ओळखतो का, फिरायला नेताना दाराशी आधी पोहोचतो का, आणि महिन्यात चांगले दिवस जास्त की वाईट. हे पान डॉक्टरांना दाखवून ठेवले आहे. ही उत्तरे बदलू लागली तर त्यांच्याशी बोलायचे, तोवर नाही. रंकाळ्यावर फिरायला निघताना खंडू अजून सगळ्यांच्या आधी दाराशी असतो.

फिट पूर्ण थांबलेल्या नाहीत आणि थांबतीलच असे डॉक्टरांनी कधी म्हटलेही नव्हते. त्या कमी व्हाव्यात, आटोपशीर राहाव्यात, हेच उपचाराचे उद्दिष्ट होते. गेल्या जुलैमध्ये ताई शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता. मुलाच्या नोकरीबद्दल, ऑफिसातील बदलीबद्दल, बंधाऱ्याची पातळी आज कितीवर आहे याबद्दल तासभर बोलणे झाले. दाराशी छत्री उघडता उघडता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, मंगळवारी एक आली होती, सव्वा मिनिटाची. सांगायचं राहिलंच."